कोकण किनाऱ्यावरच्या मॅरेथॉन आयोजकांना खुले पत्र: लोगो मोबाइलवर नको, बिबवर बघा

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत धावण्याच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. मार्ग, पोलिसांची परवानगी, पाण्याची टेबलं, रुग्णवाहिका, टायमिंग यांपायी तुम्ही मंडळी किती खपता हे आम्हाला ठाऊक आहे. हे पत्र त्यातल्या कशाबद्दलच नाही. स्पर्धेचा लोगो आणि तिची अक्षरं, एवढाच त्याचा विषय. लिहिणारे आम्ही अक्षरजुळणी, बिब (धावपटूच्या छातीवरचा क्रमांकाचा कागद) आणि टीशर्ट यांची छपाई आणि फलक यांच्या कामातले लोक आहोत.

लोगो मंजूर होतो तो समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मोबाइलच्या उजळ पडद्यावर. तिथे सगळंच छान दिसतं. स्पर्धेच्या दिवशी मात्र तोच लोगो घामाने चिकटलेल्या टीशर्टवर, चार सेफ्टी पिनांनी टाचलेल्या बिबवर, ७० मिलिमीटरच्या पदकावर आणि वाऱ्यात फडफडणाऱ्या कमानीवर असतो. म्हणून आमची विनंती अशी की लोगो या चार जागांसाठी काढून घ्या, आणि काढताना मराठी नाव सगळ्यात आधी बसवा. इंग्रजीत लोगो पुरा करायचा आणि मग 'खाली मराठीत पण टाकून द्या' म्हणायचं, इथूनच पुढचा निम्मा गोंधळ सुरू होतो.

कोकणातली गावांची नावं अक्षरकाराची परीक्षा घेणारी आहेत. हर्णे, कर्दे, आंजर्ले, तारकर्ली, सिंधुदुर्ग. एकट्या 'वेंगुर्ले'त बघा: शिरोरेघेच्या वर एकीकडे मात्रा आणि अनुस्वार, दुसरीकडे मात्रा आणि रफार, आणि खाली उकार. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना एकच पट्टा लागतो, देवनागरीला तीन. इंग्रजी नावासाठी १० मिमी उंचीची जागा आखली आणि त्याच जागेत मराठी नाव कोंबलं, तर वरची-खालची चिन्हं धरून अक्षराच्या अंगाला, म्हणजे शिरोरेघ ते तळरेघ या भागाला, जेमतेम निम्मी उंची उरते. मग मराठी नाव इंग्रजीपुढे किरटं दिसतं आणि समितीत कोणीतरी म्हणतं, 'मराठी जरा बोल्ड करा'. बोल्ड केलं की रफार मात्रेला चिकटतो आणि भ, ध, थ यांच्या गाठी बुजतात. उपाय सरळ आहे. दोन्ही लिप्यांचं माप शिरोरेघ ते तळरेघ या अंतराने जुळवा, एकूण उंचीने नाही. इंग्रजी कॅपिटलची उंची या अंतराएवढी किंवा किंचित कमी ठेवली की दोन्ही नावं एका वजनाची वाटतात.

शुद्धलेखनाचंही इथेच निस्तरून घ्या. 'मॅरेथॉन' या शब्दात म वर अर्धचंद्र आहे, चंद्रबिंदू नाही. 'मँरेथॉन' असं छापलेले फलक आम्ही इतक्या वेळा पाहिलेत की आता तेच बरोबर वाटायची भीती आहे. 'थॉ'चीही एक छुपी गंमत असते: काही जण थ ला आधी काना देतात आणि वर वेगळा अर्धचंद्र चढवतात. दिसायला बऱ्याचदा तेच दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो वेगळा शब्द असतो. नोंदणीच्या यादीत शोध लागत नाही, आणि फॉन्ट बदलला की मध्येच एक ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. 'मिऱ्या', 'किनाऱ्यावर' यांतला र हा तिसरा सापळा. साधा र, हलन्त, य असं टाइप केलं तर 'मिर्या' होतं. तिथे नुक्ता असलेला ऱ लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून र ची कळ दाबली की येतो.

मग ल आणि श. बऱ्याच देवनागरी फॉन्टांमध्ये या दोन अक्षरांचं हिंदी वळण आधी दिसतं आणि मराठी वळण फॉन्टच्या पोटात दडलेलं असतं. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णलिपीच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी दिले आहेत. दापोली, मालवण, शिरोडा, काशीद अशा नावांत हा फरक कोणाही मराठी वाचकाला खटकतो, तो नेमका सांगता आला नाही तरी. वेबसाइटवर पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, की ज्या फॉन्टांत ही सोय आहे ते आपोआप योग्य रूप देतात. ५, ८ आणि ९ या अंकांचंही तसंच.

फॉन्ट कोणता घ्यावा, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. स्पर्धेच्या मुख्य नावासाठी आमचं उत्तर आहे: कोणताच नको, ती चार-सहा अक्षरं हाताने रेखून घ्या. बाकी मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' उत्तम. त्याची सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत, त्यामुळे वेळापत्रकापासून फलकापर्यंत एकाच फॉन्टात भागतं. अरुंद जागेत मोठं अक्षर हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' किंवा 'तेको' बघा. 'तेको' चौकोनी वळणाचा आहे आणि खेळाच्या कामाला शोभतो, पण लांब मजकूर त्यात वाचवत नाही. एक टाइपचाच 'बालू' गुबगुबीत आहे, मुलांच्या २ किमी फन रनला चालेल, हाफ मॅरेथॉनला आम्ही तो घेणार नाही. 'तिरो देवनागरी मराठी' पुस्तकात देखणा दिसतो, पण त्याच्या बारीक रेघा जाळीदार कापडावर टिकत नाहीत. हे सगळे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. लोगोत, कपड्यावर, विक्रीच्या वस्तूवर वापरायला पैसे द्यावे लागत नाहीत. कुठूनतरी उतरवून घेतलेला सशुल्क फॉन्ट स्पर्धेच्या नावाला लावू नका. प्रायोजकांच्या वकिलांना असल्या गोष्टी बरोबर सापडतात.

आता ज्या तीन चुका आमच्या हातात रोज येतात त्या.

पहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत 'COASTAL'सारख्या शब्दात अक्षरं लांब लांब ठेवली की ऐट येते. मराठीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. शब्द लांबवायचाच असेल तर शिरोरेघ वेगळी सलग काढावी लागते.

दुसरी, गोलावर अक्षरं. पदक गोल, म्हणून नावही गोलाकार फिरवायचं, असा हट्ट असतो. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर गोलाच्या स्पर्शरेषेवर सरळ उभं करतं. त्यामुळे प्रत्येक सांध्यावर शिरोरेघ फाकते, वरून दातेरी दिसते, आणि वेलांटी पुढच्या अक्षरापासून दूर जाते. गोलाचा व्यास जेवढा लहान, तेवढी फट मोठी. यावर दोन मार्ग आहेत. नाव आधी सरळ लिहून वक्र करा (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे रेषांचे आकार करा) आणि मग 'आर्च' पद्धतीने वाकवा, म्हणजे शिरोरेघही सोबत वाकते. नाहीतर शिरोरेघेशिवाय अक्षरं मांडून वर एक अखंड कंस काढा. दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो, पण निकाल स्वच्छ येतो. आणि अक्षरं पदकाच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. खालच्या अर्ध्यात उलट्या कमानीत शिरोरेघ आतल्या बाजूला येते, आकसते, आणि उकार बाहेर फाकतात.

तिसरी, बाह्यरेषा. कमानीवर नाव उठून दिसावं म्हणून पांढरी किनार देतात. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेघेवर एकमेकांत थोडी घुसलेली असतात, म्हणूनच ती सलग दिसते. वक्र करून थेट किनार दिली की प्रत्येक घुसलेल्या जागी एक उभी रेघ उमटते. विनाइल कापायच्या यंत्रावर तर याहून वाईट होतं: पाती त्या रेघेवरही चालते आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. किनार देण्याआधी किंवा कापायला पाठवण्याआधी सगळी अक्षरं एकत्र जोडून घ्या. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वेल्ड', इलस्ट्रेटरमध्ये 'युनाइट'. एक मिनिटाचं काम आहे.

इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनी मजकूर टाकण्यापूर्वी दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू केला आहे ना हेही बघावं. तो बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. 'सिंधुदुर्ग'ची 'स' आधी आणि वेलांटी नंतर झालेली पाटी हा त्याच बंद कंपोझरचा प्रताप.

चिन्हाबद्दल थोडं. माड, लाट, किल्ला, आंबा, डॉल्फिन, होडी आणि धावणारा माणूस, हे सगळं एका वर्तुळात बसवून मागणारे आयोजक कमी नाहीत. २५ मिमी रुंदीत त्यातलं काहीच ओळखू येत नाही. एक निवडा. आणि समुद्रातून वर येणारा सूर्य तेवढा काढू नका. आपला समुद्र पश्चिमेला आहे. भाट्ये असो की तारकर्ली, सूर्य उगवतो तो सह्याद्रीच्या बाजूने, पाण्यात तो बुडतो. पहाटे साडेपाचला सुटणाऱ्या स्पर्धेच्या लोगोत सूर्यास्त काढून ठेवलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. गोल पदकासाठी आकार शोधत असाल तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, बघा. दशावतारी गंजिफेत १२० पानं, सगळी गोल, कडेला नक्षी आणि मधे अवताराचं चित्र किंवा चिन्हं. छोट्या वर्तुळात किती मावतं आणि किती नाही, याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. मात्र चित्र उचलू नका. मांडणी समजून घ्या, आणि शक्य असेल तर तिथल्या कारागिराकडूनच काढून घेऊन त्याला मोबदला द्या.

रंग दोनच ठेवा. कोकण म्हटलं की डिझायनर फिरोजी निळा काढतो; पडद्यावरचा तो लखलखीत निळा चार रंगांच्या छपाईत येतच नाही, फ्लेक्सवर मळकट उतरतो. जांभ्या दगडाचा तांबडा मात्र छपाईत सहज मिळतो: सायन २०, मजेंटा ८०, पिवळा ९०, काळा १० इथून सुरुवात करून नमुना काढा. त्याला गडद निळा किंवा काळा जोडा. लोगो आधी एकरंगी काळ्यात उभा राहिला पाहिजे. तिथे पडला तर कोणत्याही रंगाने सावरत नाही.

टीशर्ट. धावण्याचे टीशर्ट १४० ते १६० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), पॉलिस्टरचे आणि बहुधा बारीक छिद्रांचे असतात. अशा कापडावर १ मिमीपेक्षा बारीक रेघ छिद्रात तुटते. गडद कापडावर पांढरी अक्षरं छापताना गाठी आणखी बुजतात, म्हणून नावाची वेगळी, थोडी मोकळी आवृत्ती करून घ्या. लाल किंवा मरून टीशर्टवर पांढरी शाई सांभाळून. स्क्रीन प्रिंटची नेहमीची प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पक्की होते. त्या उष्णतेत पॉलिस्टरचा रंग उडून शाईत शिरतो आणि पांढरं गुलाबी होतं. हे कधी कधी छापल्या दिवशी दिसतही नाही, गठ्ठे बांधून ठेवल्यावर दोन दिवसांनी दिसतं. कमी तापमानाला पक्की होणारी, रंग न ओढणारी शाई मागा, खाली राखाडी अडथळ्याचा थर घ्यायला सांगा, आणि नमुना दोन दिवस ठेवून मगच होकार द्या. सब्लिमेशनमध्ये (उष्णतेने शाई कापडात उतरवण्याची पद्धत) ही भानगड नाही, पण ते पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवरच चालतं, कारण त्यात पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे न छापलेलं कापड.

बिबवर आकडा राजा. २१ बाय १५ सेमीच्या बिबवर आकडा किमान ६ सेमी उंच हवा आणि त्याच्यामागे कसलंही चित्र नको. लोगो वर डावीकडे, प्रायोजक खालच्या पट्टीत, चारही कोपऱ्यांत दीड सेमी जागा कोरी, कारण तिथे पिनांची भोकं येतात. आकडे इंग्रजी की मराठी? मराठीचा आग्रह धरणारे आम्हीच, तरी बिबवर इंग्रजी अंक ठेवा असं सांगतो. फोटोतून धावपटू शोधणारी बहुतेक सॉफ्टवेअरं तेच वाचतात, आणि धावत्या माणसाच्या छातीवर मराठी १ आणि ९ चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. इंग्रजीतही ६ आणि ९ ची तोंडं उघडी असलेला फॉन्ट घ्या. बंद तोंडाचे अंक दुरून ८ सारखेच दिसतात. गटाप्रमाणे मालिका पाडा, १० किमीला १००० पासून, २१ किमीला २००० पासून, म्हणजे वळणावरच्या स्वयंसेवकाला रंग दिसला नाही तरी आकड्यावरून कळतं. गटांचे रंग ठरवताना लाल-हिरव्याची जोडी टाळा. बऱ्याच पुरुषांना ते वेगळे दिसत नाहीत, आणि पहाटेच्या अंधारात तर कोणालाच नाही.

बिबच्या मागे टायमिंगची चिप असेल तर त्या भागात सोनेरी-चंदेरी फॉइल किंवा धातूची शाई वापरू नका. चिपचा संदेश धातू अडवतो. घामेजलेलं शरीरही अडवतं, म्हणून तर चिपखाली फोमचा तुकडा असतो.

बिबवर धावपटूचं नाव मराठीत छापणार असाल तर छपाईवाल्याला यादी देण्याआधी ज्ञानेश्वर, ऋत्विक, कीर्ती, मृण्मयी, श्रीकृष्ण ही पाच नावं चाचणीला द्या. एक्सेलमधून नावं उचलून आपोआप छापणारी काही सॉफ्टवेअरं देवनागरी नीट जोडत नाहीत. या पाचांत काही फुटलं तर हजार नावांत शेकडो फुटणार.

पदक झिंकच्या ओतकामाचं असतं. त्यात उठावाची रेघ ०.४ मिमीपेक्षा बारीक मागू नका, रंग भरायच्या दोन भिंतींमध्ये अर्धा मिमी तरी ठेवा, आणि मराठी अक्षराचं अंग ४ मिमीच्या खाली नेऊ नका. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेपासून सुटा राहील एवढी फट रेखाटनातच सोडा, नाहीतर मुलामा चढताना ती भरते आणि अनुस्वाराची गाठ होते. वर्ष साच्यात न घालता फितीवर छापलंत तर तोच साचा पुढच्या वर्षी चालतो. काही धावपटूंना पदकावरच वर्ष हवं असतं हे मान्य, पण लहान स्पर्धेला साच्याचा खर्च जड जातो.

मार्गावरचे फलक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वाचनाचा ढोबळ हिशेब असा: दर ३ मीटर अंतराला २.५ सेमी उंचीचं अक्षर, आणि मराठीत ही उंची अंगाची धरायची. ३० मीटरवरून वळण कळायला हवं तर अंग २५ सेमी लागतं. एवढ्या मापात 'हाफ मॅरेथॉन उजवीकडे वळा' बसत नाही. मोठा बाण आणि '२१' पुरे. किमीच्या फलकावर पिवळ्यावर काळं ठेवा, लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत असेल तर अंधारात पायलट गाडीचा दिवा पडला की आकडा नाहीसा होतो. समुद्राकडच्या वाऱ्याला साधा फ्लेक्स शिडासारखा फुगतो. मग फ्लेक्सवाला ऐनवेळी त्यात चिरा पाडतो, आणि त्या हमखास स्पर्धेच्या नावातूनच जातात. कमानीसाठी जाळीचा फ्लेक्स घ्या, नाहीतर चिरांच्या जागा डिझाइनमध्येच मोकळ्या सोडा.

डिझायनरकडून काय घ्यायचं: वक्र केलेली आणि न केलेली अशा दोन्ही मूळ फाइल, पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, आडवी, उभी, नुसतं चिन्ह आणि एकरंगी अशा चार मांडण्या, रंगांचे छपाईचे आणि पडद्याचे आकडे. छपाईवाल्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेला लोगो दाबून लहान होतो, आणि वीस फुटांच्या कमानीवर त्याचे चौकोन मोजता येतात.

वेळेचं गणित कोकणातल्यांना सांगायला नको, तरी सांगतो. डिसेंबर-जानेवारीच्या स्पर्धेचा लोगो पावसाळ्यातच, जुलैअखेर हातात हवा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मंडळांच्या फलकांचे असतात, तेव्हा फ्लेक्सवाला तुमचा फोन उचलणार नाही. गणपतीत तर मुंबईचा डिझायनरसुद्धा त्याच्या गावी, म्हणजे तुमच्याच शेजारच्या वाडीत, आरतीला उभा असतो. पदकं आणि कापड यांची ऑर्डर दिवाळीच्या आधी, दीड-दोन महिने हाताशी ठेवून.

मंजुरीची बैठक घ्याल तेव्हा प्रोजेक्टर लावू नका. लोगो साध्या लेसर प्रिंटरवर काळ्यात २५ मिमी रुंदीचा छापा, बिब खऱ्या मापात छापून कोणाच्या तरी छातीवर टाचा आणि त्याला अंगणात दहा मीटरवरून पळवा. आणि कागदावर सही करणाऱ्याने मराठी नाव एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचावं, मॅ वरच्या अर्धचंद्रासकट.

आपले,
अक्षरजुळणी, छपाई आणि फलकांच्या कामातली काही मंडळी